बियाण्याला ठेवलेला

पाणी उतरलं तेव्हा रमणमळ्यात
आमच्या मागच्या दारी गुडघाभर गाळ होता.
महापालिकेचा ट्रॅक्टर आला, म्हणाले, भरून टाका.
मी चार घमेली भरली आणि थांबलो.
उद्यमनगरात बेचाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला
लोखंडाचा कीस कळतो, माती कळत नाही,
पण हे बोटांना ग्रीससारखं लागत होतं
आणि टाकवेना.

शालन म्हणाली, ठेवा. आठवड्यात वास जाईल.
तीन आठवडे गेला नाही.

मग त्यात मेथी फेकली, पोकळा फेकला,
वांग्याची सहा रोपं दोरी धरून लावली,
दोन रोपांत अठरा इंच, पट्टीनं.
शेजारचे चौगुले कुंपणावरून बघायचे,
"मामा, मिरच्यांना किती टॉलरन्स ठेवलाय?"

आणि मोरीच्या भिंतीकडेला
आम्ही न लावलेलं काहीतरी उगवलं.

दोन जाड पानं, मग लव असलेलं तिसरं.
शालन म्हणाली काकडी. चौगुले म्हणाले कडू वाळूक, उपटा.
मी जुन्या एरियलचा पाइप उभा केला, तार ओढली.
संध्याकाळी, लोक दारात येऊन बसतात त्या वेळेला,
पांढरी फुलं उमलली.
दुधी.

पण असला दुधी मंडईत नसतो.
बुटका, मान वाकडी, अंगावर फिकट पट्टे,
व्हर्निअर लावला तर दर दोन बोटांवर वेगळं माप.
माझ्या हातून असा जॉब निघाला असता
तर मीच स्क्रॅपमध्ये टाकला असता.
शालननं हरभऱ्याची डाळ घालून केला,
सालीची चटणी, तीळ भाजून, वर कांदालसूण.
तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि व्हर्निअर पेटीत ठेवला.

एक पिशवीत घालून कपिलतीर्थाला गेलो.
बायाक्का चिखलीची. हल्ली आम्ही तिच्याकडून
मेथी घेत नाही म्हणून जरा फुगलेली.
तिनं दुधी उलटा केला, देठ हुंगला.
"ह्यो कुठं गावला?"
सांगितलं.
तागडीतल्या मिरच्या तशाच, गिऱ्हाईक उभं.
"बियाण्याचा भोपळा आढ्याला बांधला हुता.
सासूच्या हातचं बी. पाणी आढ्याला लागलं,
आम्ही शाळेत, म्हस सुटलेली,
भोपळ्याकडं कोण बघतंय.
गेला असंल तरंगत."
मग लगेच,
"आमचाच म्हणत न्हाई मी.
आंबेवाडीत बी असतोय असला."

वाळका भोपळा पाठीला बांधून
पंचगंगेत पोहायला शिकलो आम्ही गल्लीतली सगळी पोरं.
ज्याच्याखाली माणूस नाही असा भोपळा
एकटा किती लांब जात असेल,
हे कधी डोक्यात आलं नव्हतं.
गाळ उपसताना करवंटीसारखं काही फुटकं
फावड्याला लागलं होतं, पहिल्याच घमेल्यात.
ते ट्रॅक्टरात गेलं.
हे बायाक्काला सांगितलं नाही.

निम्मं बी तिला कबूल केलं.
तिनं पोकळ्याची जुडी बळंच पिशवीत कोंबली,
घरी मागं पोकळा कमरेला लागलेला असताना.

वेलावर आता एकच ठेवलाय.
चुकून कुणी तोडू नये म्हणून
शालननं ब्लाउजची काठपट्टी बांधलीय देठाला.
देठ वाळला की उतरवायचा.

पुराची रेघ भिंतीवर अजून दिसते, तीनदा चुना देऊनही.
मी टेप लावला,
रेघेच्या वर दोन फूट मोजून खिळा ठोकला.
शालन उंबऱ्यात मेथी निवडत होती.
"इतका वर कशाला?" म्हणाली.
"खाली बांधा, साध्या गाठीनं.
जायची वेळ आली तर
सुटायला नको का त्याला?"

मी काही बोललो नाही.
खिळ्याला सध्या माझी टोपी आहे.